काळ्या वाळूचा हिशेब

आबा कामावरून आले की घरात शिरायच्या आधी मागच्या न्हाणीत जायचे. आई त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत कधी मिसळायची नाही. वेगळी बादली, वेगळा दगड. पहिलं पाणी काळं निघायचं, दुसरं करडं, आणि तिसऱ्या पाण्याला कुठं साबणाचा फेस दिसायचा. ते पाणी परसातल्या केळीकडे जायचं आणि चराच्या वळणावर बारीक काळी वाळू साठून राहायची. मी आणि भाऊ त्या वाळूत काडीनं आपापली नावं लिहायचो.

आबा मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करणारे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहान फौंड्रीत ते चिकटले, तेव्हा तिथल्या गल्ल्यांत ऑइल इंजिनचे भाग ओतले जायचे. पुढे फौंड्र्या शहराबाहेर शिरोली, गोकुळ शिरगावकडे सरकल्या, तसे आबाही सायकलवरून शिरोलीला जायला लागले. मी इंजिनिअर झाले आणि त्याच पट्ट्यातल्या एका फौंड्रीत क्वालिटी बघायला लागले. ट्रॅक्टरची हाउसिंग, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम असा आमचा माल. दोन वर्षांपूर्वी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, पर्यावरणाचा आराखडा करून द्यायचाय गिऱ्हाइकाला. २०३० पर्यंत आपण काय काय कमी करणार ते. तुम्हीच लिहा, तुम्हाला आकडे माहीत आहेत."

गिऱ्हाइकानं हे का मागितलं, तेही सांगायला हवं. सेबीनं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला. तिकडे युरोपनं लोखंड-पोलादासह काही आयात मालावर १ ऑक्टोबर २०२३ पासून कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली. मोठ्या कंपनीला हिशेब द्यायचा झाला की ती आपल्या पुरवठादाराला विचारते, आणि तो प्रश्न घरंगळत शिरोलीतल्या पत्र्याच्या शेडपर्यंत येतो. मला त्याचा राग नाही आला. उलट वाटलं, आजवर आम्हाला किलोमागं दर विचारला जात होता, आज पहिल्यांदा कुणी किलोमागं धूर विचारतंय.

पहिला मसुदा मी आठवड्यात लिहिला. शेडच्या छतावर सोलर, सगळीकडे एलईडी, आवारात झाडं. फोटो काढायला सोप्या अशा सगळ्या गोष्टी. मग रात्री घरी बसून आकडेमोड केली आणि तो मसुदा बाजूला ठेवला.

एक टन बीड, म्हणजे ओतीव लोखंड, इंडक्शन भट्टीत वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. आपल्या देशातली वीज अजून बहुतांशी कोळशाची, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे ६०० युनिट धरली तर टनाला ४२० किलो. आता झाडाचं बघू. वाढलेलं झाड वर्षाला ढोबळ मानानं वीसेक किलो शोषतं. एक टन लोखंड वितळवलं की वीस झाडांचं एक वर्ष संपलं. आमची भट्टी ते टनभर लोखंड चहाच्या सुट्टीआधी वितळवते. आणि सोलर? आमच्या भागात एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला चारेक युनिट देतात. शंभर किलोवॅट बसवायला दहा हजार चौरस फूट छत लागतं, त्यातून मिळतात ४०० युनिट. त्यात एक टनसुद्धा वितळत नाही. झाडं लावू नयेत, सोलर बसवू नये, असं मी म्हणत नाही. दोन्ही केलं. पण आराखड्याच्या पहिल्या पानावर त्यांचे फोटो लावले असते तर वाचणाऱ्याला वाटलं असतं, काम झालं.

भट्टीचीही एक गोष्ट आहे आणि ती मला स्वतःला नीट समजायला वेळ लागला. आबांच्या काळात क्युपोला होता. उभा नळकांडा, वरून कोक (भाजलेला कोळसा), पिग (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड), भंगार, चुनखडीचे थर टाकायचे, खालून वारा द्यायचा. क्युपोला पेटला की उद्यमनगराच्या अख्ख्या गल्लीला कळायचं, दोरीवरची धुणी काढायला बायका धावायच्या. मग इंडक्शन भट्ट्या आल्या आणि धूर गेला. आम्ही सगळे धरून चाललो की प्रदूषण गेलं. आता हिशेब मांडा. चांगल्या क्युपोलात टनाला १२०-१३० किलो कोक जळायचा. एक किलो कोक म्हणजे सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड. बेरीज ३६० ते ३९० किलो. कोक तयार करताना जो धूर व्हायचा तो वेगळा. पण भट्टीपुरतं बोलायचं तर विजेच्या भट्टीचे ४२० आणि क्युपोलाचे ३९० यांत फार अंतर नाही. धुराची चिमणी आमच्या गल्लीतून उठून विजेच्या केंद्राशेजारच्या कुठल्यातरी गावात गेली. तिथंही दोरीवर धुणी असतील.

हे मी मालकांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या वडिलांनी कर्ज काढून पहिली इंडक्शन बसवली होती आणि त्या गोष्टीचा घरात अभिमान होता. अभिमान वाटावा असंच ते काम होतं, धुळीचे आणि धुराचे कण खरोखर कमी झाले, गल्लीनं श्वास घेतला. पण खरी बचत भट्टीच्या पोटात काय टाकतो यात आहे. खनिजापासून ब्लास्ट फर्नेसमध्ये एक टन पिग आयर्न करायला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आमच्या ४२० किलोंच्या जवळजवळ पाचपट! तो आमच्या दारात दिसत नाही, ट्रकमधून थंड होऊन येतो. इंडक्शन भट्टीत पिग कमी करून पोलादाचं भंगार वाढवता येतं, कार्बन आणि सिलिकॉन वरून घालून बीड जुळवता येतं. त्यासाठी भंगार स्वच्छ हवं, रंग-तेल-जस्त नको, प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीच्या एकेका घाण्याचा नमुना तपासायला हवा, आणि भट्टीवरच्या माणसाला घाई नको. आराखड्यातली सगळ्यात मोठी कपात या एका ओळीत आहे: चार्जमधला, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालातला, पिगचा वाटा दर वर्षी उतरवायचा. या ओळीचा फोटो निघत नाही.

दुसरी ओळ माझ्या खात्याची, नापास मालाची. रिजेक्शन. पन्नास किलोचं हाउसिंग ओतायचं तर रनर-रायझर, म्हणजे साच्यात रस नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटा, धरून ८३ किलोंच्या आसपास रस ओतावा लागतो. पन्नासेक युनिट वीज, पस्तीस किलो कार्बन. ते हाउसिंग फेटलिंगहून, म्हणजे घासून साफ होऊन, सुटतं, रंगतं, गिऱ्हाइकाकडं जातं, तिथं मशीनवर चढतं आणि शेवटच्या बोअरला आतली पोकळी उघडी पडते. ब्लोहोल. तुकडा परत येतो, फुटतो, पुन्हा भट्टीत जातो. लोखंड वाया जात नाही म्हणून आम्ही वर्षानुवर्षं मनाचं समाधान करत आलो. लोखंड परत मिळतं, पण वीज मिळत नाही, कोअरचं, म्हणजे आतल्या पोकळीसाठी ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याचं, रेझिन मिळत नाही, आठ तास ग्राइंडर धरलेल्या माणसाचा दिवस मिळत नाही. बावीस वर्षं मी रिजेक्शनचा तक्ता रुपयांत भरला. गेल्या वर्षापासून शेजारी एक रकाना वाढवला, युनिटांचा. तोच तक्ता, पण तो रकाना वाचताना माझा हात थांबतो.

भट्टीवर आमचे एक मामा आहेत, निवृत्तीला आलेले. आराखड्यासाठी एनर्जी ऑडिटवाले आले, त्यांनी यंत्रं लावली, अहवाल दिला, तो चांगलाच होता. पण त्याआधी मामा मला म्हणाले होते, "ताई, रविवारी या. कंपनी बंद असती तवा या." मी रविवारी गेले. मामांनी नुसता कॉम्प्रेसर चालू केला आणि म्हणाले, "आता ऐका." सगळी शेड कुजबुजत होती. मोल्डिंग मशीनच्या मागं, ग्राइंडरच्या रांगेला, पायऱ्यांखाली, जुन्या लाइनच्या टोकाशी. एरवी ठोकण्याच्या आवाजात बुडून जाणारी गळकी हवा. तीन मिलिमीटरच्या भोकातून गळणाऱ्या हवेसाठी कॉम्प्रेसर तीन ते चार किलोवॅट खातो, आणि तो चालू असेपर्यंत खात राहतो. आम्ही दोघं हातात खडू घेऊन फिरलो आणि दुपारपर्यंत खुणा करत राहिलो. मामांनी भट्टीचं झाकणही दाखवलं. भिंतीला टेकून ठेवलेलं, वर धूळ बसलेली. "टाकायला येळ जातो म्हून कोण टाकत न्हाई. पण रस उघडा ऱ्हायला की लाल उजेड वर पत्र्यावर पडतो बघा. त्यो उजेड म्हंजे तुमचं बिल." झाकणाला आम्ही नंतर हात बसवून दिला, साखळीवर टांगलं. आता ते टाकलं जातं. दर हीटला नाही, पण बहुतेक वेळा.

एक गोष्ट अजून हातात आलेली नाही. वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त, म्हणून भट्टी रात्री. आबांनाही रात्रपाळ्या असायच्या आणि दिवसा आम्ही पोरं घरात दबक्या पावलांनी वावरलो. अलीकडे सवलत उन्हाच्या तासांकडे सरकू लागली आहे, कारण सोलरची वीज दिवसा असते. ती नीट स्थिरावली तर ओतकाम दिवसा येईल. कोळशाचा धूर कमी होईलच, पण रात्री माणसं आपापल्या घरी झोपतील. आराखड्यात झोपेला रकाना नाही. मला तो असावासा वाटतो.

वाळूबद्दल लिहायला मी उशीर करते आहे, कारण तिथं माझं मन लागतं आणि दुखतंही.

साच्याची वाळू म्हणजे सिलिका, त्यात कच्छची बेंटोनाइट नावाची चिकण माती, कोळशाची भुकटी आणि पाणी. ओतल्यावर साचा फोडायचा, वाळू चाळून गार करून पुन्हा वापरायची. पण दर फेरीत काही वाळू जळते, कोअरची वाळू तिच्यात मिसळते, आणि तेवढी जुनी वाळू बाहेर काढून नवी घालावी लागते. बाहेर काढलेली ती काळी वाळू एमआयडीसीच्या कडेला, ओढ्याकाठी, खड्ड्यांत कुठं कुठं पडलेली असते, हे कोल्हापुरात कुणाला नवीन नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा चढली, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर आम्ही कंपनीत गेलो, तर मागच्या कुंपणाजवळचा आमचा ढीग निम्माच उरला होता. उरलेला कुठं गेला, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. खालच्या उसाच्या सऱ्यांत काळी रेघ होती. शेतकरी आमच्याच एका फेटलरचे चुलते निघाले. ते काही बोलले नाहीत, फक्त वाकून ती वाळू मुठीत घेऊन आम्हाला दाखवली.

नवी वाळू कुठून येते हे मी कधी बघितलं नव्हतं. आराखड्यासाठी एकदा गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कणकवली तालुक्यात कासार्ड्याला गेले. आमच्याकडं येते ती सिलिका तिथून येते. हिरव्यागार मुलखात मधेच पांढरे खड्डे, त्यांत साठलेलं निळसर पाणी, वाळू धुऊन निघालेलं दुधासारखं पाणी, आणि भरून घाट चढणारे ट्रक. रस्त्याकडेची आंब्याची पानं पांढरी झालेली. मी तिथं उभी राहिले आणि मला आमचा काळा ढीग आठवला. हीच वाळू. पांढरी असताना तिनं एका गावात खड्डा केला, काळी झाल्यावर दुसऱ्या गावात ढीग. मधे ती आमच्याकडं काही पाळ्या राहून गेली. परत येताना घाटात ठरवलं की आराखड्यात वाळूची ओळ टनांत येईल: किती नवी आणली, किती टाकली, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी. वाळूवरचा जळका थर घासून काढायचा रिक्लमेशनचा प्लांट आम्ही बसवला, त्यामुळं नवी वाळू खूप कमी लागते. घासून निघालेली भुकटी पेव्हर ब्लॉकवाल्यांकडं जाते का, याच्या चाचण्या चालू आहेत.

आराखड्याचा दुसरा मसुदा पुरा झाल्यावर मी तो आबांना वाचून दाखवला. एका रविवारी, परसात, त्याच न्हाणीच्या कट्ट्यावर बसून. आबा आता चार पायऱ्या चढले की थांबतात. त्यांना दोनदा टीबीची औषधं देऊन झाली, तिसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडं धरला आणि विचारलं, "काम कुठं करत होता?" सिलिकोसिस. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत हे नाव होतं, म्हणजे हा रोग कामातून होतो, हे कायद्याला इतकी वर्षं माहीत होतं. आमच्या घराला माहीत नव्हतं. धूळ दिसते तेवढी आई धुऊन काढत होती. पण डोळ्याला दिसते ती धूळ नाकात अडकते, शिंकेतून निघून जाते. जी दिसत नाही ती आत जाते आणि परत येत नाही.

आबांनी सगळं शांतपणे ऐकलं. पिगचं पटलं, झाकणाचं तर फारच पटलं. मग म्हणाले, "बाळ, ह्यात कंपनीच्या भिताडाभायेरचं समदं हाय. आतल्या माणसाच्या नाकाचं कुठं लिवलंयस?"

नव्हतं लिहिलं. चिमणीतून किती जातं, ओढ्यात किती जातं, हवेत किती जातं, सगळं होतं. साचे फोडतात तिथं, शेकआउटच्या जाळीवर उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासात किती जातं, याला पर्यावरण म्हणायचं असतं हे मला, मोल्डरच्या मुलीला, सुचलं नव्हतं. त्याला आम्ही सेफ्टी म्हणायचो, ते वेगळ्या फायलीत, मास्कच्या खरेदीच्या पावतीसोबत. रिक्लमेशनचा मला इतका अभिमान होता, पण वाळू घासायची म्हणजे बारीक भुकटी वाढणार, आणि ती ओढून घेतली नाही तर ओढ्याचं दुखणं आम्ही माणसाच्या छातीत नेऊन ठेवणार.

शेकआउटला आणि रिक्लमेशनला मोठा ब्लोअर आणि बॅग फिल्टर हवा होता. तीस किलोवॅटचा ब्लोअर, दोन पाळ्या, सोळा तास: दिवसाला ४८० युनिट. छतावरच्या शंभर किलोवॅटच्या सोलरपेक्षा ऐंशी जास्त. मीटिंगमध्ये हा आकडा ठेवला तेव्हा अकाउंट्सचे साहेब म्हणाले, "मग टनामागचा कार्बन वाढेल की. गिऱ्हाइकाला कसं दाखवणार?" ते चुकीचं बोलत नव्हते. आमच्या तक्त्यात माणसाचा श्वास हा खर्चाच्या बाजूला होता, जमेला नव्हता. मी तेव्हा म्हटलं, आणि आजही ठामपणे म्हणते, की ज्या आराखड्यात धूळ ओढणारा पंखा बंद केल्यावर आकडा सुधारतो, तो आराखडा चुकीचा आहे. मालकांनी पेन्सिलनं दोन ओळी एकमेकींना जोडल्या. सोलर आणि ब्लोअर. "छतावरचं सगळं ह्या पंख्याला लावा कागदावर. वरचे ऐंशी युनिट झाकणातनं आणि गळतीतनं काढा." अंतिम आराखड्यात ते असंच आहे. गिऱ्हाइकाकडून त्यावर एक प्रश्न आला, आम्ही उत्तर दिलं, त्यांनी ते मान्य केलं.

पाण्याचं काम तुलनेनं सोपं होतं. भट्टी थंड करायचं पाणी फिरतंच असतं, सांडपाण्याचं शुद्धीकरण बागेला जोडलं. तेवढंच.

फिल्टर लागून महिना झाला तेव्हा हॉपरखालच्या पोत्यातली चिमूटभर धूळ मी कागदाच्या पुडीत घालून आबांना दाखवायला नेली. ओल्या वाळूची मूठ आवळून, मोडून तिचा कस सांगणारे हात ते. त्यांनी पुडी नाकापासून लांब धरली, बोटाचं टोक ओलं करून तिला लावलं आणि अंगठ्यानं चोळलं.

"वाळू न्हवं ही. पीठ हाय."

मी म्हटलं, एका पाळीला एवढं मोठं पोतं भरतंय, आबा. त्यांनी मान हलवली. बराच वेळ बोट चोळत बसले. मग विचारलं, "आनि पोती ठेवता कुठं?"

शेडच्या मागं, म्हटलं. पेव्हरवाल्यांचं नक्की होईपर्यंत.

"वाऱ्याला ठेवू नका. तोंड बांधा. आनि उचलताना वर पानी मारून वल्ली करा, न्हाईतर पोत्यातली पुन्यांदा पोरांच्याच नाकात." ते उठले, न्हाणीत गेले, हात धुतले. पुडी माझ्याकडं परत दिली नाही, मोरीत पाणी सोडून तिथंच भिजवली.

सोमवारी पाळी लागायच्या आत मी शेडमागं गेले. पोत्यांची रांग भिंतीला लागून होती. चारांची तोंडं उघडी होती.